पाकिटावरचा रुपया

लातूर सुटलं, चाकूर मागे पडलं आणि बसमधले दिवे मालवले गेले. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. माझ्या पायाशी पेटी, शेजारी तबलजी, त्याच्या पायाशी डग्गा. पुढच्या सीटवर गायिका डोळे मिटून बसली होती. तिघांकडेही एकेक पाकीट होतं आणि तिघांनीही ते उघडलं नव्हतं. देणाऱ्यासमोर पाकीट उघडणं वाईट दिसतं, हे आम्हाला सरगमच्या आधी शिकवलेलं.

"अहमदपूर येऊ द्या," तबलजी म्हणाला. "उजेडात बघू."

अहमदपूरला बस चहाला थांबली. हॉटेलच्या ट्यूबलाइटखाली त्यानं पाकीट काढलं. वर छापील गणपती, कोपऱ्यात चिकटवलेला एक रुपया. आत पाचशेच्या दोन नोटा. एक हजार एक. या कार्यक्रमासाठी दोन तालमी झाल्या होत्या, नांदेडहून जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला होता, आणि तबल्याची पुडी बदलायला झाली होती ती वेगळीच. त्यानं नोटा घडी करून वरच्या खिशात ठेवल्या. रुपया नखानं हळूच सोडवला आणि दुसऱ्या खिशात टाकला, घरी देवापुढं ठेवायला. मग म्हणाला, "चला, चहा माझ्याकडून."

त्या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. मला तेव्हा राग आला नव्हता, लाज वाटली होती. कारण त्याच संध्याकाळी मी एक गोष्ट डोळ्यानं पाहिली होती. मंडपवाल्यानं अर्धे पैसे आधीच घेतले होते आणि उरलेले हातात पडल्याशिवाय त्यानं स्टेजवर गादी टाकली नाही. साउंडवाल्याचा हिशोब माईक लावायच्या आधी झाला. जनरेटरवाल्यानं डिझेलचे वेगळे मागितले, तेही मिळाले. सगळ्या गावात स्वतःचा आकडा माहीत नसलेली माणसं तीनच होती, आणि लोक ऐकायला आले होते ते त्याच तिघांना. आम्ही आकडा विचारला नव्हता. महिन्याभरापूर्वी फोन आला तेव्हा मी घुटमळत विषय काढला होता, त्यावर पलीकडून उत्तर आलं, "देऊ की सर, तुमचं-आमचं करायचं का आता?" पुढं मी काही बोललो नाही. या बाबतीत त्या संयोजकाइतकाच दोष माझाही होता.

गेली सव्वीस वर्षं मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत साथीची पेटी वाजवतो आणि शिकवतो. या लेखासाठी गेल्या वर्षभरात ठरवून माझ्यासारख्या माणसांना भेटलो. सप्ताहातले पखवाजवाले, हलगीवाले, बँडवाले, क्लास चालवणारे गुरुजी, भीमगीतं गाणारे, गोंधळी. सगळ्यांना एकच विचारलं: पैशाचं तुम्ही कसं बोलता? बहुतेक जण आधी हसले, आणि मग दीड-दीड तास बोलत राहिले.

आपल्या भाषेत वाजवणाऱ्याला द्यायच्या पैशाला किती नावं आहेत बघा. गवयाला बिदागी. कीर्तनकाराला दक्षिणा, नाहीतर पाकीट. सरकारी कार्यक्रमात मानधन. तमाशाला सुपारी, आणि ती पक्की करायला इसार. फडातल्या कलावंताला उचल. लावणीवर दौलतजादा. गोंधळ्याला शिधा आणि ओवाळणी. बिदागी म्हणजे निरोप देताना द्यायचं ते. म्हणजे गाणं होऊन गेल्यावर, देणाऱ्याच्या मर्जीनं. मानधनात मान आधी आणि धन नंतर. या सगळ्या शब्दांत ममता आहे, मोठेपणाही आहे. पण मजुरी, दर, पगार हे साधे शब्द आपण कलावंताच्या बाबतीत वापरत नाही. ते वापरले तर सरस्वतीचा अपमान होईल असं वाटतं. माझं मत असं झालंय की कलावंताच्या घरातली निम्मी ओढाताण कमी पैशापायी नसते, या न बोलण्यापायी असते.

हे मला शिकवलं एका हलगीवाल्यानं. लातूरच्या बाजूचा, वय पासष्टच्या आसपास. वडिलांपासून हलगी हातात. त्यांच्या वडिलांना गावाच्या कामाचे पैसे नव्हते. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं, आणि सुगीला खळ्यावर धान्य मागायला जायचं. मातंग समाजाच्या वाट्याला आलेलं ते काम होतं. कला म्हणून त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. ते मला म्हणाले, "सर, आमच्या बापाला 'किती घेणार' असं कुणी इचारलंच नाही. माझ्या पोराला इचारतात. तो सांगतो इतके, आन् निम्मे आधी. तवा मला बरं वाटतं." पोरानं कार्ड छापलंय. चार हलग्या, एक कैताळ, इतके तास, इतके पैसे. मयतीला दर नाही, तिथं ओळखीनं जायचं की नाही ते तो ठरवतो.

मी हे ऐकलं आणि बराच वेळ गप्प बसलो. आम्ही शास्त्रीयवाले, सुगमवाले, दर सांगणं हलकं समजतो. आणि याच जिल्ह्यात एका घराला तोच दर सांगता येणं हे दोन पिढ्यांनंतर मिळालेलं माणूसपण वाटतं. ज्यांना कधी हक्कानं मागताच आलं नाही त्यांनी दर सांगण्याची किंमत ओळखली. आम्हाला ती ओळखता आली नाही, कारण न मागण्यात आम्हाला मोठेपणा दिसत होता.

नांदेडमध्ये राहून पैसा आणि संगीत यांचा विचार करायचा तर सचखंड हुजूर साहिब टाळता येत नाही. तिथलं कीर्तन मी लहानपणापासून ऐकत आलोय. रागी पेटीवर बोट ठेवतो, समोर संगत बसलेली, कुणी उठून हळूच पुढं भेट ठेवतं. शीख परंपरेत सत्ता आणि बलवंड या दोन रबाबींची गोष्ट सांगतात. ते गुरुघरी कीर्तन करायचे. घरात लग्न निघालं, पैशाची गरज पडली, अपेक्षेइतकं मिळालं नाही म्हणून रुसले आणि कीर्तन बंद केलं. तेव्हा गुरू अर्जनदेवांनी संगतीलाच सांगितलं, तुम्ही स्वतः गा. रबाबी हालाखीत गेले, पुढं लाहोरच्या भाई लद्धांनी मध्यस्थी केली, त्यांना माफी मिळाली आणि ते परत आले. त्या दोघांनी रचलेली वार आज गुरू ग्रंथ साहिबात आहे.

या गोष्टीत रबाबींचा अहंकार दाखवतात, तो आहेच. पण मला त्यात आणखीही काही दिसतं. लेकीबाळीचं लग्न ही कलावंताचीही गरज असते, हे त्या गोष्टीनं लपवलेलं नाही. आणि रुसून गेलेल्या वादकांची रचना ज्या ग्रंथात आदरानं ठेवली गेली, त्या परंपरेचं मन फार मोठं आहे.

यातूनच पुढचा प्रश्न येतो. सेवा कोणती आणि कार्यक्रम कोणता? औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन ज्यांनी पाहिलंय त्यांना सेवा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिथं फिरत फिरत गाणाऱ्या माणसाच्या मनात पाकीट नसतं. माहूरला आईच्या पायाशी गोंधळी संबळ वाजवतो तेव्हा तो नवस फेडत असतो. मीसुद्धा माझ्या गुरुजींच्या पुण्यतिथीला पदरचे पैसे घालून वाजवतो, आणि वर्षातला माझा सगळ्यात चांगला दिवस तोच असतो. फुकट वाजवण्यात कमीपणा नाही. ते मी ठरवलेलं असलं पाहिजे, एवढंच. अडचण सुरू होते ती "सेवा समजा" हे दुसऱ्यानं म्हटल्यावर. मंडप कार्यक्रम, साउंड कार्यक्रम, जेवणावळ कार्यक्रम, आणि गाणं तेवढं सेवा, असं होत नाही. मुखेडकडच्या एका तरुण पखवाजवाल्यानं याची सोपी वाट काढलीय. आळंदीला चार वर्षं राहून तो शिकून आला. आता वर्षाला दोन सप्ताह तो देवाचे म्हणून करतो, एक स्वतःच्या गावचा आणि एक मामाच्या गावचा. तिथं गाडीभाडंसुद्धा घेत नाही. बाकी सगळीकडं आधी बोलतो. कीर्तनाच्या मोबदल्याबद्दल तुकोबांनी किती कडक सांगितलंय ते त्याला पाठ आहे. तो म्हणाला, "महाराजांचं खरंच आहे. म्हणून तर दोन ठिकाणं मी राखून ठेवलीत. पण माझी आई आजारी असते, दवाखाना काही सेवा म्हणत नाही."

आता वर्षाचा हिशोब. संगीतावर जगणाऱ्याचं वर्ष हे शेतकऱ्याच्या वर्षासारखंच असतं, त्यालाही सुगी आहे आणि कोरडे महिने आहेत. आषाढात वारीच्या दिवसांत भजनवाल्यांना थोडं काम, बाकीच्यांना शांतता. श्रावणात सप्ताह. मग गणपती, पितृपंधरवड्यात पुन्हा सामसूम, नवरात्रात गोंधळी आणि आराधी, दिवाळी पहाट, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. मार्गशीर्षात लोह्याजवळ माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, वाघ्या-मुरळीपासून तमाशाच्या फडांपर्यंत सगळे तिथं असतात. पौषात लग्नं थांबतात. महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची यात्रा. एप्रिलमध्ये भीमजयंती; 14 तारखेपासून महिनाभर गाणाऱ्यांचा घसा बसलेला असतो. मे संपला की पुन्हा आभाळाकडं डोळे.

आणि हे आभाळ नुसतं म्हणायचं नाही. आमच्याकडं क्लासची फी सोयाबीनवर अवलंबून असते. दिवाळीच्या आगेमागे माल आडतीला गेला की तीन-तीन महिन्यांची थकलेली फी एकदम येते, भाव पडला की लेकरू यायचं थांबतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या वर्षी माझ्या माहितीतल्या एका तबल्याच्या क्लासात तिसांतली अकरा मुलं उरली होती. गुरुजींनी कुणाकडं फी मागितली नाही. पण त्यांचं स्वतःचं घर कसं चाललं? त्यांनी मला एक जुनी वही दाखवली. निळी रेघ असलेली शाळेची दोनशे पानी वही. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. प्रत्येक कार्यक्रमाच्या नोंदीसमोर लाल शाईत एक छोटा आकडा. विचारलं तर म्हणाले, आलेल्या दर शंभरातले वीस त्याच दिवशी पोस्टात जायचे, ते आपले नाहीत असं समजायचं. ती वही 1998 ला सुरू झालेली होती. कोरड्या वर्षात त्या लाल शाईनं त्यांना सावकाराच्या दारात जाऊ दिलं नाही. पुढं करोनात सगळ्यांचे कार्यक्रम बंद पडले, तेव्हाही त्यांना तबला विकावा लागला नाही. माझ्या ओळखीच्या दोघांना विकावा लागला.

मोठ्या कमाईचा माणूस सावरतो आणि छोट्या कमाईचा बुडतो असं आपण धरून चालतो. तसं नाही. बालगंधर्वांपेक्षा जास्त पैसा महाराष्ट्रात कुठल्या गायकनटाकडं आला? 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्यावर लोकांनी जीव ओवाळून टाकला, आणि तरी कंपनी कर्जात गेली, फेडून वर आली आणि पुन्हा कर्जात गेली. 1967 मध्ये ते गेले त्याआधीची त्यांची वर्षं किती हालाखीची होती ते सगळ्यांना माहीत आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी संगीत शिक्षणाची देशभर घडी बसवली, पण मुंबईतली त्यांच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी लिलावात गेली. या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो, जणू पैशाचं भान नसणं हाच थोरपणा. मला त्या ऐकून वाईट वाटतं. त्यांच्या सुरांना आणि कष्टांना जपणारा एक चांगला हिशोबनीस लागत होता.

उचलीची गोष्ट याहून कठीण आहे. आमच्या भागात ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तमाशातही तोच शब्द आहे आणि कामही तेच करतो. हंगामाआधी एकरकमी पैसे हातात येतात, घराचं छप्पर होतं, लेकीचं लग्न होतं, आणि मग ती रक्कम फिटेपर्यंत पाय बांधलेले. फडमालकही कर्ज काढूनच ती उचल देतो, त्यामुळे एकाला खलनायक करून भागत नाही. विठाबाई नारायणगावकरांसारखी राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेली कलावंत 2002 मध्ये गेली ती शेवटपर्यंत पैशाची ओढाताण सोसून. टाळ्यांचा आणि म्हातारपणीच्या औषधाचा काही संबंध नसतो, हे तरुण मुलांना आत्ताच कुणीतरी सांगायला हवं.

लातूरचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. लातूर पॅटर्ननं या शहराला नाव दिलं, खेड्यापाड्यांतली मुलं डॉक्टर झाली, त्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण याच शहरात नीटच्या शिकवणीला लाखाचा चेक देणारे पालक तबल्याच्या महिन्याच्या पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे प्रवेशिकेपर्यंत गर्दी असते. गुण मिळाले की दुसऱ्या दिवसापासून मुलं दिसत नाहीत. एका गुरुजींनी यावर उपाय केला: महिन्याची फी बंद करून वर्षाची फी चार हप्त्यांत, आणि मधे सोडलं तर परत नाही. पहिल्या वर्षी मुलं कमी झाली. जी राहिली ती विशारदपर्यंत गेली. पालक म्हणाले, सर आता पैशाला कडक झाले. मला वाटतं, सर आता विद्येला कडक झाले.

आमच्या नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांसारखा गुरू होता आणि त्यांच्याकडं शिकून नाथराव नेरळकर मोठे झाले. नाथरावांनी गाण्याबरोबर महाविद्यालयात शिकवलंही. नोकरी करणारा गवई कमअस्सल असं मानणारे अजून भेटतात. पण पगाराची भाकरी घरात असली की गवयाला नको त्या मैफलीला नाही म्हणता येतं. आज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात कलांचं स्वतंत्र संकुल आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना राग आणि ताल येतात. पावती कशी लिहायची, करार कसा वाचायचा, हे शिकवणारा एखादा तास तिथं हवा असं मला फार वाटतं.

कारण हे न कळल्यानं रोज नुकसान होतं. "बिल दिलंत तर जीएसटी लागेल" अशी भीती घालून पावती टाळणारे भेटतात. शास्त्रीय किंवा लोककलेचा कार्यक्रम असेल आणि मोबदला दीड लाखापर्यंत असेल तर कलावंताला तो कर लागत नाही. आमच्या मैफलींचे आकडे त्याच्या आसपासही जात नाहीत. गीतकार-संगीतकारांचं तर आणखी मोठं नुकसान आहे. कॅसेटच्या काळात आमच्या भागात शेकडो भीमगीतं आणि देवीची गाणी निघाली. लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला एकदाच काही रक्कम मिळाली, गाणं मात्र दर एप्रिलला आणि दर नवरात्रात गल्लोगल्ली वाजत राहिलं. 2012 च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं गीतकाराचा आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा पक्का केला, तो लिहून देऊनही सोडता येत नाही. ती गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे. मी ज्या आठ गीतकारांना भेटलो त्यांतला एकच तिचा सभासद होता. स्वतःचं गाणं मोबाइलवर लावून दाखवताना बाकीच्यांचे डोळे भरून येत होते.

म्हातारपणासाठी सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांची योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. आधी तीन श्रेणी होत्या आणि सगळ्यात खालच्या श्रेणीला महिना 2,250 रुपये मिळायचे. 2024 पासून सगळ्यांना सरसकट 5,000 झाले. चांगली गोष्ट झाली. पण अर्जाला पुरावे लागतात, आणि पुरावे म्हणजे जुन्या पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं. ज्या माणसानं आयुष्यभर पावती घेतली नाही, पत्रिकेवर ज्याचं नाव "आणि सहकारी" एवढंच छापलं गेलं, त्यानं काय जोडायचं? त्या हलगीवाल्या काकांकडं पन्नास वर्षांच्या वाजवण्याचा एकही कागद नव्हता. त्यांच्या पोरानं आता प्रत्येक ठिकाणची पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत जपायला सुरुवात केलीय.

अहमदपूरच्या त्या रात्रीनंतर मीही एक बदल केला. फोन आला की तारखेनंतर लगेच आकडा बोलतो. गायिकेचा, तबल्याचा, पेटीचा वेगवेगळा. प्रवास वेगळा. पहिल्या वर्षी चार कार्यक्रम गेले. "सर बदलले" असं कानावर आलं. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या दोघांनी परत बोलावलं आणि फोनवर त्यांनीच आधी विचारलं, "किती ठेवू?" ज्यांची खरंच ऐपत नाही त्यांच्याकडं आजही जातो. मात्र तिथं आधीच सांगतो की हे माझ्याकडून, आणि मग पाकीट घेत नाही. मैफलीत बसल्यावर आता डोक्यात आकडे फिरत नाहीत. वाजवण्यात जो मोकळेपणा आला तो माझ्या तबलजीला माझ्याआधी जाणवला.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा दिवाळी पहाटेचे मंडप उभे राहत असतील. नांदेडला गोदावरीच्या बंदाघाटावर लोक अंधारातच येऊन जागा धरतील, लातूरलाही ठिकठिकाणी गाणी होतील. तुमच्यापैकी कुणी मंडळाचे अध्यक्ष असतील, कुणी सचिव, कुणी वर्गणी गोळा करणारे. तुम्हाला एवढंच सांगायचंय. मंडपवाल्याला फोन कराल त्याच दिवशी कलावंतालाही आकडा सांगा. साथीदाराचं नाव पत्रिकेवर पूर्ण छापा, पाकीट त्याच्या हातात वेगळं द्या, आणि पावतीवर त्याची सही घ्या. कोपऱ्यातला रुपया जरूर चिकटवा. तो आम्ही देवापुढं ठेवतो.